फक्त घरातल्या पुरुषांसाठी

दुकानात नेहमीसारखीच कानस चालू होती. कुलूपवाल्याची मुलगी पितळेची कड घासत होती आणि कुलूपवाला खोकत होता. त्यांच्या घरचं कुलूप किल्लीशिवाय उघडे. कुठं दाबायचं, कुठं वळवायचं, एवढं ठाऊक असलं म्हणजे झालं. बाकी सगळं कुलूप मुलगीच करी, पण आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवायची वेळ आली की बाबा पडदा ओढून घेत. कमान बायकांनी पाहायची नाही, असा घरचा दंडक होता. मुलगी परक्या घरी जाते आणि विद्या सोबत नेते, हे त्याचं कारण. ही मुलगी कुठंच गेली नव्हती. लग्नाचं वय दुकानातच निघून गेलं होतं. पण दंडकाला तसं कुणी कळवलं नव्हतं.

बाबांचे हात थरथरू लागले तेव्हा ती म्हणाली, "आता तरी दाखवा, बाबा. तुमच्यामागं मी काय, नुसती टरफलं विकू?"

"पुतण्याला बोलावलंय," बाबा म्हणाले.

पुतण्या विमा कंपनीत होता आणि त्याच्या स्वतःच्या दाराला विजेवर चालणारं कुलूप होतं. तरी काकांचा मान म्हणून आला. ही शिकवणी टिपून ठेवायला संग्रहालयाच्या बाई आल्या, सोबत कॅमेरावाला. बाई शिकलेल्या, मनानं चांगल्या. दंडक ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"घराण्याच्या श्रद्धांचा आम्ही पूर्ण आदर करतो," त्या म्हणाल्या, आणि मुलीबरोबर स्वतःही स्वयंपाकघरात येऊन बसल्या. तिकडं पडद्याआड विद्या चालली होती. इकडं दोघी चहाच्या आधणाकडे बघत होत्या.

"तुम्हाला नाही वाटत आत जावंसं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही हो. आमचं धोरण आहे."

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. तिनं एक जुनं कुलूप करवतीनं कापून पाहिलं; ताण सुटताच कमानीचे तुकडे झाले. मग तिनं पुतण्याला फोन लावला.

"खरं सांगू, ताई? मला त्यातलं ओ की ठो आठवत नाही. काकांनी बोलायला सुरुवात केली आणि माझा डोळाच लागला."

"मग मला ती फीत बघू दे. तुझी परवानगी लागते म्हणे."

"ते नाही जमायचं. काकांनी शपथ घातलीय."

"ती बरी आठवते रे तुला!"

"शपथ विसरून कसं चालेल, ताई?"

शेवटी ती संग्रहालयात गेली. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुमची फीत अगदी सुरक्षित आहे. आमचा माणूस दरवर्षी ती पूर्ण चालवून तपासतो."

"तो आमच्या घराण्यातला आहे?"

"छे हो, तंत्रज्ञ आहे."

"मग त्यानं पाहिलेलं कसं चालतं?"

"पुरुष आहे ना. शिवाय त्याला त्यातलं काही कळत नाही."

"आणि मी?"

बाईंनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "तुम्हाला कळेल," त्या हळूच म्हणाल्या.

मग बाईंनी धीर दिला: पुतण्याला दोन मुलीच असल्या तरी त्याचं वय काही गेलेलं नाही, मुलगा झाला तर संग्रहालय स्वतःहून कळवील.

कानस आता बंद आहे. त्या दुकानात ती यंत्रावर दुसऱ्यांच्या किल्ल्यांसारख्या किल्ल्या काढून देते. त्याला दंडक लागत नाही.

सुट्टीच्या दिवशी आपण पोरंबाळं घेऊन संग्रहालयात जातो. काचेमागं ते कुलूप आहे, बंद. खाली लिहिलंय, 'ही विद्या जतन करण्यात आली आहे.' आपण वाचतो, मान डोलावतो. आपली पोरगी काचेला नाक लावून विचारते, "हे उघडतं कसं?"

आपण म्हणतो, "चल पुढं."