फ्रिजातलं पेन आणि तांदळामागची मी

मी सोनाराकडची लाल डबी. आत मखमल, झाकणावर सोनेरी नक्षी. इंदापूरच्या नईमनं लग्नात शबीनासाठी बारामतीहून कर्णफुलं घेतली, त्यांच्याबरोबर मी या घरात आले. तेव्हाचा माझा थाट काय सांगू!

पुढं कर्णफुलं लॉकरात गेली आणि मी रिकामी पडले. धाकट्याच्या बाळंतपणानंतर शबीना गप्प गप्प झाली. भाकरी तव्यावर करपायची नि ही शेगडीपुढं रडत उभी. नईमनं तिला बारामतीला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दिलेल्या गोळ्या माझ्या पोटात आल्या आणि हळूहळू ती पुन्हा हसायला लागली. ते श्रेय माझं, असं मी तरी समजते. पण मला ठेवलं कुठं? तांदळाच्या डब्यामागं. नवऱ्याखेरीज घरात कुणाला पत्ता नव्हता.

अशात ते पेन आलं. वजन कमी करायच्या इंजेक्शनचं. शबीनाचं वजन वाढलं होतं, साखरही काठावर आली होती, म्हणून इंदापूरच्या डॉक्टरांनी दिलं. आल्या आल्या फ्रिजात, अंड्यांच्या शेजारी! मोठी जाऊ बिस्मिल्लाभाभी येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रिज उघडून दाखवायच्या. ते आठवड्यातून एकदा काम करणार, मी रोज खपणार, आणि कौतुक त्याचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ते आलं कसं, तेही ऐका. आमच्याकडं बाई एकटी दवाखान्यात जात नाही. सोबत कुणीतरी असतंच, आणि तेही थेट डॉक्टरांसमोरच्या दुसऱ्या खुर्चीत. त्या दिवशी तिथं भाभी बसल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुठली औषधं चालू आहेत का? डॉक्टरांना दाखवायला म्हणून आणलेली मी पर्समध्येच होते. शबीनानं भाभींकडं पाहिलं आणि म्हणाली, "न्हाय."

एकदा नाही म्हटल्यावर कुणाला विचारायची सोयच उरली नाही. दोन्ही औषधं अंगात गेली तर काहीतरी भलतंच होईल, असं तिच्या मनानं घेतलं. मग तिनंच निकाल लावला. पेन चालू, माझ्यातल्या गोळ्या बंद. मला तर रडूच आलं.

वजन उतरायला लागलं, भाभी खूश. पण शबीनाला गरगरायचं, डोक्यात झटके बसल्यागत व्हायचं, झोप उडाली. पोरांवर खेकसायची, मग मोरीत जाऊन रडायची. जेवण तुटलंय, अशक्तपणा आलाय, असं सगळे म्हणायचे. एका दुपारी नईमला वाढता वाढता ती म्हणाली, "मी नसले तरी पोरांचं भागंल."

नईमनं हातातला घास खाली ठेवला. गोळ्या घेतेस ना, म्हणून विचारलं. ती भाजी वाढत राहिली. त्यानं तांदळाचा डबा सरकवून मला उघडलं, तर मी काठोकाठ भरलेली. त्याच पावली तिला दवाखान्यात नेलं. भाभीही निघाल्या, त्यांना कोण अडवणार?

पुन्हा त्याच खुर्च्या. शबीनानं मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. "ह्या माझ्या मनाच्या गोळ्या हायत. मागं मी खोटं बोलले." भाभींनी मला उचलून आतल्या गोळ्या पाहिल्या आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

मला वाटलं, आता त्या पेनाची उचलबांगडी! कसचं काय. डॉक्टरांनी मरायचे विचार येतात का, ते तिला सरळ विचारलं, बारामतीला फोन लावला आणि आजच तिकडं जा म्हणाले. मनाच्या गोळ्या एकदम तोडल्या की असं गरगरतं, झटके बसतात, म्हणून त्या आपल्या आपण कधी बंद करायच्या नाहीत. पुन्हा कशा सुरू करायच्या, ते बारामतीचे डॉक्टर सांगतील. तोवर पेन थांबवू. पुढं दोन्ही एकत्र चालतील, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत हवं आणि मनावर लक्ष हवं. एकत्र म्हणे! मला काही ते रुचलं नाही.

माझ्यातल्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, शबीना सावरली, आणि आता दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते पेन परत फ्रिजात आलंय. खोटं कशाला बोलू, अजून जळते मी. तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर शेजाऱ्यांपासून खुशाल लपवा, पण डॉक्टरांपासून लपवू नका.

काल घरात पाहुणे बसले होते. चहाचे कप वाटता वाटता भाभींनी सगळ्यांदेखत हाक मारली, "शबीना, मनाची गोळी घेतलीस का गं?"

कुणाच्या हातचा कप पडला नाही. तिनं सगळ्यांसमोर मला उघडलं, आणि तेवढ्यापुरतं त्या पेनाचं मला काहीच वाटलं नाही.