दुपारची खोळ

बेचाळीस वर्षं मी छापखान्यात मशीनमन होतो. माझ्या हातात मशीन सहसा बिघडत नसे, आणि बिघडलंच तर मला विचारल्याशिवाय सुरू होत नसे. ही फुशारकी वाटेल. वाटू दे, खरी आहे. त्यामुळे सूनबाईचं मशीन बंद पडायला लागलं आणि घरात माझ्यासारखा जाणकार बसलेला असताना ती मदतकेंद्राला फोन लावत सुटली, तेव्हा मला रागच आला.

तिचं मशीन तसं घरात नव्हतंच. टेबलावर होता तो नुसता लॅपटॉप. खरं काम करणारं यंत्र कुठेतरी दूर, क्लाउडवर. त्याला ती जीपीयू म्हणायची.

"मग तू इथे बसून करतेस काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी इथून सांगते, बाबा. ते तिकडे राबतं."

"म्हणजे तू फोरमन."

ती हसली. त्याच आठवड्यात मी तिच्या लॅपटॉपला जुन्या पिवळ्या पडद्याची खोळ शिवून दिली, नाडीसकट. यंत्र उघडं टाकून उठायचं नाही, ही आमच्या छापखान्याची शिस्त. संध्याकाळी काम संपलं की ती न विसरता खोळ घालायची. माझं मन राखायला घालत असेल, पण घालायची.

काचेच्या बाटल्यांचे हजारो फोटो दाखवून, तडा गेलेली बाटली कशी ओळखायची हे तिला त्या यंत्राला शिकवायचं होतं. शिकवणी सलग आठ तासांची. यंत्र तिच्या वाट्याला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पुढे दुसऱ्यांची पाळी. अर्धवट काम जपून ठेवायची जागा भरून गेलेली, आणि वाढीव जागेची परवानगी पुढच्या आठवड्यात. म्हणजे मधे थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. नात झाल्यावर सहा वर्षं ती घरी होती. ही नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाली होती आणि शुक्रवारी साहेबांना काम दाखवायचं होतं. दाखवता आलं नाही तर नोकरी गेली. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून.

सोमवारी सकाळी यंत्राची मेमरी पुरेना. "एका वेळी फार फोटो भरवतेय मी," म्हणत तिने घास लहान केला आणि गाडी चालू लागली. दुपारी नातीला शाळेतून घेऊन आली, बघते तर काम बंद. मंगळवारी तिने ड्रायव्हर बदलला. हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, हे कळायला मला थोडा वेळ लागला. दुपारी पुन्हा तेच. मदतकेंद्रातला माणूस गोड आवाजात सांगायचा, "मॅडम, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. कनेक्शन तुमच्याकडूनच तुटतंय." मग तिने वायफायचा डबा कपाटावर चढवला आणि मी खाली स्टूल धरून उभा राहिलो.

"अगं, का बंद पडतं ते नंतर बघ," मी म्हणालो. "आधी कधी बंद पडतं ते लिही."

छापखान्यात आमची बिघाडवही असायची. वेळ, बिघाड, कारण, उपाय असे चार रकाने. कारणाच्या रकान्यात ज्याची चूक त्याने स्वतः सही करायची. दुसऱ्याने त्याचं नाव लिहायचं नाही. नातीच्या कोऱ्या वहीत मी पट्टीने रकाने आखून दिले. काम कुठवर चाललं याची नोंद यंत्र ठेवतंच, त्यातली शेवटची वेळ बघून ती वहीत उतरवू लागली.

बुधवारी दुपारीही बंद पडलं. त्या दिवशी ती नातीच्या वेणीचे पेड सोडवत नुसती बसून राहिली.

संध्याकाळी ती मदतकेंद्राशी बोलत असताना मी चष्मा लावून वही उघडली. सोमवार, एक वाजून सहा मिनिटं. मंगळवार, एक वाजून चार. बुधवार, एक वाजून सात. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं.

एक वाजता आमच्या छापखान्यात जेवणाची घंटा व्हायची. घंटा झाली की मशीनवर खोळ, आणि दुसऱ्या घंटेच्या आत खोळ काढून मशीन तयार. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी माझ्या अंगातली घंटा काही बंद झालेली नाही. एरवी सूनबाई जेवायला उठायची तेव्हा टेबल माझ्या डोळ्यांसमोर असायचं, म्हणून खोळ घालावी लागत नसे. पण त्या सोमवारपासून नातीची शाळा दुपारी सुटू लागली होती. ती पावणेएकला बाहेर पडायची आणि लॅपटॉप तसाच उघडा राहायचा. मला बघवेना. एकाच्या ठोक्याला मी त्याचं झाकण मिटायचो, खोळ घालायचो, आणि दोनच्या आत सगळं काढून पूर्ववत उघडून ठेवायचो. तिला आल्यावर तेवढाही त्रास नको म्हणून. इकडे झाकण मिटलं की पाचेक मिनिटांत तिकडची दोरी तुटत होती, आणि ती तोडत होतो मी.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बेचाळीस वर्षांचा मशीनमन, आणि सुनेसमोर तोंड उघडवेना. उद्यापासून झाकणाला हात लावायचा नाही की झालं, कोणाला कळतंय, असं मनाशी ठरवून मी अंथरुणावर पडलो. झोप कसली लागतेय.

गुरुवार हा शेवटचा दिवस. साडेनऊला शिकवणी सुरू झाली, पावणेएकला ती बाहेर पडली. एक वाजला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून तिच्या खुर्चीसमोर बसून राहिलो. लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर आकडे सरकत होते. पाणी प्यायलासुद्धा मी उठलो नाही.

ती आली, नातीचं दप्तर खाली ठेवलं, आणि टेबलाकडे बघत म्हणाली, "बाबा, आज खोळ घातली नाहीत?"

"तुला... कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. मदतकेंद्रातल्याने लॅपटॉपची नोंद बघायला सांगितली, तर तो रोज एक वाजता झोपतो. मग मी बिजागरी बघितली, तर तिथे पिवळा दोरा अडकलेला." ती माझ्याशेजारी बसली. "आता मी काम तिकडच्या तिकडे चालत राहील असं लावलंय. दोरी तुटली तरी ते थांबत नाही. सकाळी झाकण मिटून बघितलं मी दोनदा."

"मग काल मला बोलली का नाहीस? चार शब्द सुनावायचे होतेस."

"बोलले असते तर तुम्ही पुन्हा माझ्या टेबलाजवळ फिरकला नसतात," ती म्हणाली. "मला तुम्ही लागता इथे."

ती उठली, झाकण मिटलं आणि खोळ माझ्या हातात दिली. मी घातली. नाडीची गाठ दोनदा सुटली, वयामुळे असेल.

साडेपाचला शिकवणी पुरी झाली. शुक्रवारी यंत्राने तडा गेलेल्या बाटल्या एकेक करून वेगळ्या काढल्या, आणि साहेबांनी तिथल्या तिथे तिची नोकरी कायम केली. तिने फोन ठेवला तशी नात तिच्या गळ्यात पडली, आणि मी चष्मा पुसायला आत गेलो.

बाहेर येऊन मी वही मागून घेतली. तिन्ही दिवसांचा कारणाचा रकाना तिने कोराच ठेवला होता. मी तिथे तीनदा सही केली, पूर्ण नावानिशी, जशी छापखान्यात करायचो तशी. वही तिच्यापुढे सरकवली. तिने माझंच पेन घेतलं आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं, "बाबांनी रोज एक वाजता खोळ घालत राहणे."