तिसऱ्या कोपऱ्यावर सलोनी

माझी धाकटी बहीण सलोनी बेसबॉल खेळते, तेही भारताकडून. हे सांगितलं की सफाळ्यातल्या माझ्या शेजारणी विचारतात, "म्हणजे क्रिकेटच ना?" मी हो म्हणून मोकळी होते. समजावत बसले तर भात करपायचा.

आपल्या संघाचा परदेशातला इतिहास चहा निवायच्या आत सांगून होतो. गेलो, हरलो, फोटो काढले, आलो. मधूनच एखादा सामना जिंकला की तो वर्षभर पुरवून पुरवून सांगायचा. सलोनीला मात्र या इतिहासाचा भारी अभिमान. कोणत्या साली कोणाकडून किती धावांनी हरलो, ते ती आरतीसारखं म्हणून दाखवते. "ताई, बघ ना, दर वेळी थोडक्यात हरतोय आता," असं वर मलाच सांगते. यंदा शेवटचा सामना जिंकला असता तर संघ पुढच्या फेरीत गेला असता. तो एका धावेनं गेला.

मुंबईला उतरलेली सलोनी बोईसरमार्गे आमच्या गावी, घिवलीला, न जाता मधेच सफाळ्याला माझ्याकडे आली. बॅग दारातच टाकली आणि म्हणाली, "मी घिवलीला जानार नाय. खेलनार पन नाय."

हरण्याचं दुःख तिला होतंच, पण घरी न जायचं कारण होता मितेश, आमचा चुलतभाऊ. त्यानं घिवलीच्या सोसायटीच्या हॉलात टीव्ही लावून सगळ्या गावाला सामना दाखवला, इथवर ठीक. पण वर बाबांचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. ज्या एका धावेनं आपण पुढं हरलो, ती धाव समोरच्या संघाची मुलगी पुरी करते आणि आमचे बाबा उभे राहून टाळ्या पिटतात. खाली मितेशची हसणारी तोंडं. भेटला की त्याला मी सोलणार आहे.

"सगल्या गावादेखत, ताई," सलोनी म्हणाली. "माझा बाप त्यांच्या बाजूनं."

मी तिला जेवायला वाढलं. ती दोन घास खाऊन उठली. इतकी मोठी झाली, परदेशात खेळून आली, पण त्या दिवशी मला ती शाळेतून रडत आलेलीच दिसत होती. माझाही बाबांवर राग होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. दादू म्हणून सगळा किनारा त्यांना ओळखतो. उभा जन्म होडीवर गेला. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, अंगात लग्नाकार्यातला शर्ट. त्यांना बघून सलोनीनं भिंतीकडे तोंड केलं.

"तुमी त्यांच्यासाठी टाल्या वाजवल्या," ती भिंतीलाच म्हणाली.

"वाजवल्या," बाबा म्हणाले. मला वाटलं होतं, मितेशनं काहीतरी खोटं केलंय असं तरी म्हणतील. "ती पोर लंगडत व्हती, बाय. मधी पडली, उठली, आन जिथून निघाली तिथं परत येऊन लागली. आपल्या किनाऱ्याला कोनाची बी होडी लागू दे, आपन हात लावतो का नाय?"

हे खरं आहे. घिवलीत जाळ्यांवरून भांडण झालेली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण होडी वाळूला लागली की ओढायला धावतात. ओढून झाली की पुन्हा अबोला. या खेळातलं बाबांना एवढंच कळलं होतं: चार कोपरे, एका कोपऱ्यावरून निघायचं, फिरून तिथंच परत यायचं. कोण कुठल्या संघाचं, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. राग कुठं ठेवावा तेच मला कळेना.

सलोनी वळली. डोळे भरलेले. "आन मी? मी तिसऱ्या कोपऱ्यावर व्हते, बाबा. एकच कोपरा राहिला व्हता. मी आले असते तर बरोबरी व्हती. पन पुढची पोर बाद झाली आन खेल संपला. मी तिथंच उभी राहिले."

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "मितेशनं टीव्ही बंद केला, मानसं उठून गेली. मी बसून राहिलो. तुझी आई बोलवायला आली. तिला म्हटलं, खेल कसा संपला? आपली पोर अजून भायेर हाय."

सलोनी उठली, खोली ओलांडून बाबांपाशी आली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

"आले, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि श्वास सोडला.

"हां," ते म्हणाले. "आता संपला खेल."