केकवरची वाकडी अक्षरं

माझ्या जाडीवर बोलायचा हक्क मी एकाच माणसाला दिला होता, धाकट्या भावाला. तो मला लहानपणापासून ढब्बू म्हणतो आणि मी त्याला काडी. दुसरं कुणी बोललं तर मी त्याची अशी खरडपट्टी काढायचे की पुन्हा तोंड उघडायची टाप नसायची. बेकरीत केक भाजायचे आणि त्यावर क्रीमनं नावं लिहायची, हे माझं काम. माझं अक्षर छापल्यासारखं. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बाईंचा हात आहे, काळजीच नको." कडेला तुटलेले केक कुणाच्या पोटात जायचे हे वेगळं सांगायला नको.

मग काडीच्या दोन्ही किडन्या बसल्या. एक दिवसाआड मशिनवर जायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि मेल्यासारखं घरी येऊन पडायचं. पाणीसुद्धा मोजून. दिवसभराचं एका छोट्या बाटलीत भरून ठेवलेलं असायचं आणि तो त्यातले घोट पुरवून पुरवून घ्यायचा. भावजयीचं रक्त जुळेना. आईवडील कधीच गेलेले. उरले मी. माझं सगळं जुळलं. रिपोर्ट आला तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावरून अशी उडी मारली की बाक करकरलं. काडी म्हणाला, "ढब्बू, बाकाची भरपाई द्यावी लागेल."

पण सर्जन म्हणाले, "एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार नाही. वजन उतरवा, मग या."

उतरवा म्हणे! शर्ट आहे का खुंटीवरून उतरवायला? मी चालले, उकडलेलं खाल्लं, उपाशी झोपले. वजन मेलं हलायला तयार नाही. दिवसभर गरम केकच्या वासात उभं राहायचं आणि तोंड शिवून घ्यायचं, असं किती दिवस चालणार? दर आठवड्याला कुठेतरी घसरायचेच. इकडे काडीचे डोळे खोल जात चालले होते. शेवटी वजनाच्या डॉक्टरीणबाईंनी मला भूक मारायच्या गोळ्या लिहून दिल्या. "छातीत धडधडलं, हात कापले, तर त्याच दिवशी गोळी बंद करून माझ्याकडे यायचं. ही थट्टा नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

गोळ्या म्हणजे चमत्कार होता. भट्टीतून केक काढावा आणि वीट बघितल्यासारखं वाटावं! जन्मात पहिल्यांदा मला भूक नव्हती. घास घ्यायची आठवण करून द्यावी लागायची. ब्लाउज लोंबायला लागले. काडी खूश. मशिनवरून आला की मला समोर उभं करून गोल फिरायला लावायचा. "ऑपरेशन झालं ना, की तू अख्खा केक खायचा आणि मी अख्खा जग पाणी प्यायचं. मध्ये थांबेल तो हरला." मी हो म्हणायचे. माझ्याही तोंडाला गोळ्यांनी कोरड पडलेली असायची, पण त्याच्यासमोर पाणी प्यायला लाज वाटायची. स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप पिऊन यायचे.

धडधड सुरू झाली ती जिना चढताना. मग बसल्या जागी. मग अंथरुणावर पडलं तरी छातीत कुणी दार ठोठावतंय असं. मला काय समजत नव्हतं? चांगलं समजत होतं. पण सांगितलं की गोळी बंद, गोळी बंद की भूक परत, आणि भूक परत आली की काडीचं काय? म्हणून तपासणीच्या दोन दिवस आधी मी गोळी सोडायचे. प्रेशर निदान चारचौघांत दाखवण्यासारखं यायचं. "जरा वरच आहे," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "अहो, भट्टीजवळचं काम," मी म्हणायचे.

भाचीच्या वाढदिवसाला केक मीच केला. स्वयंपाकघरात भावजयीनं खोकं उघडलं आणि ती बघतच राहिली. अक्षरं नुकत्याच शाळेत घातलेल्या पोरानं लिहिल्यासारखी, एक वर, एक खाली. मी हात पाठीमागे घेतला. तिनं तेही पाहिलं.

"ताई, गोळ्यांनी होतंय का हे?"

"काहीतरीच तुझं. घाईत लिहिलं."

बाहेरच्या खोलीत काडी पोरांना हसवत होता, मध्येच धाप लागून थांबत होता. तिनं तिकडे पाहिलं. मग रुंद सुरी घेतली, क्रीम सारखं केलं, नाव सपाट पुसून टाकलं आणि केक बाहेर नेला. त्यानंतर आम्ही दोघींनी त्यावर ब्र काढला नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही सुरीच उचलली असती.

शेवटच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली. वजन सर्जनना हवं होतं त्याच्याही खाली आलं होतं. काट्यावर उभी राहून मी तिच्याकडे बघून हसले. मग त्यांनी हृदयाची तपासणी केली, आणि ती संपेचना. सर्जननी आम्हाला आत बोलावलं.

"हृदय कमजोर झालंय. तुमची किडनी आम्ही घेऊ शकत नाही. आता नाही, आणि पुढेही नाही. छातीत धडधड, हातांना कंप, असं काही जाणवत नव्हतं का?"

भावजय आपल्या चपलांकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

घरी आलो तर काडी दारातच उभा होता. आमचे चेहरे बघून त्याला कळलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे सर्जन बोलले तेवढं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिला. मग एकदम म्हणाला, "तो केक कुठाय? आज काढणार होतीस ना?"

जिंकलोच असं समजून मी आदल्या दिवशीच केक करून ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं, 'ढब्बू आणि काडी'. नको नको म्हणेपर्यंत त्यानं खोकं टेबलावर आणून उघडलं. त्याचं लक्ष नावांवर गेलं आणि तिथेच राहिलं. माझं अक्षर त्याला पाठ आहे.

"हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

भावजय म्हणाली, "पोरीच्या वाढदिवसापासून. त्या केकवरचं नाव मीच पुसलं." आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडायला लागली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते की तो ओरडेल.

"तेव्हा सांगितलं असतंत तर गोळ्या थांबल्या असत्या," तो हळूच म्हणाला. "मी मशिनवरच राहिलो असतो. आताही राहणारच आहे. तुझं हृदय तरी राहिलं असतं, ताई."

ढब्बू नाही, ताई म्हणाला. मला ते सहन झालं नाही. मी तोंडाला पदर लावला.

त्यानं सुरी घेतली, मोठा तुकडा कापला आणि माझ्यासमोर सरकवला. "खा. तुझ्यापुरती तरी पैज जिंक."

त्या दिवशी सकाळी गोळी घेतलेली नव्हती, आणि यापुढे घ्यायचीही नव्हती. तरी भूक नव्हती. मी घास चावला, चावला, तो गिळला जाईना. काडी समोर बसून बघत होता. त्याचे ओठ सुकून फुटले होते.

"भूक लागली होती ना?" त्यानं विचारलं.

"लागली होती रे. खूप," मी म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

टेबलावर पाण्याचा जग होता. त्याची नजर त्यावर गेली. भावजयीनं डोळे पुसले, जग उचलला आणि सवयीनं वरच्या फळीवर ठेवून दिला.