मला उचलू नका

मी पेन बोलतोय. लिहिण्यापेक्षा पडण्यासाठीच जास्त कामी आलेला. अंगावरचे ओरखडे बघा, म्हणजे पटेल.

माझे मालक डॉक्टर. आजारपणामुळे काम सुटलेल्या माणसाला सरकारी भत्ता द्यावा की नाही, हे ते तपासून ठरवतात. एकदा मी चुकून टेबलावरून घरंगळलो आणि कण्हतकुंथत आलेला एक धडधाकट गडी मला उचलायला झटकन वाकला. झालं! तेव्हापासून डॉक्टर मला कोपराने हळूच ढकलतात आणि समोरचा वाकतो का ते बघतात. खरा कोण नि लबाड कोण, हे म्हणे माझ्यावरून कळतं. मलाही मोठा मान वाटला होता, खोटं कशाला बोलू!

मग ती आली. इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून कंबर गेलेली बाई. सोबत लेक. लेकीच्या एकटीच्या पगारात भागत नव्हतं. भत्ता नाही मिळाला, तर दोघींना राहती खोली सोडावी लागणार होती.

लेक पिशवीतून एक्स-रे काढत होती, तेवढ्यात मी पडलो. बाईने टेबलाची कड धरली, ओठ घट्ट मिटले आणि वाकली. तिची बोटं घामाने ओली झाली होती. तरी मला बाहीला पुसून तिने पुढे केलं.

"घ्या डॉक्टरसाहेब, पडलं होतं."

"आई! तू कशाला वाकलीस गं?"

"अगं, समोरच्याची वस्तू पडली तर नुसती बघत बसू होय?"

तिचा पांढराफटक चेहरा डॉक्टरांनी पाहिला. ते काही वाईट नाहीत हो. माझं टोक कागदावर टेकवून बराच वेळ थांबले. पण 'तुम्ही सगळ्यांनाच मंजुरी देता' म्हणून वरून नुकतीच बोलणी खाल्ली होती त्यांनी.

"वाकता येतंय ना तुम्हाला," तिच्याकडे न बघता ते पुटपुटले. "मी दिसलं तेच लिहिणार."

आणि लिहिलं. माझ्याच शाईने. वाकून वस्तू उचलता येते, कामास योग्य.

बाईला खुर्चीतून उठवेना. लेकीने आणि शिपायाने दोन्हीकडून धरून तिला नेलं. दारात थांबून म्हणते कशी, "टेबल जरा कललंय वाटतं, साहेब. पेन जपा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डॉक्टर क्षणभर दाराकडे बघत राहिले. मग पुढच्याला आत बोलावलं आणि पुन्हा कोपर हललं.

म्हणून हात जोडून सांगतो, हात नाहीत तरी. कधी त्या खोलीत यायची वेळ आली आणि मी तुमच्या पायाशी पडलो, तर तुमचं चांगलं वळण जरा बाजूला ठेवा. राहू द्या मला खाली. उचलू द्या डॉक्टरांनाच.