गोळी नव्हे, काडतूस

बाबांच्या नेमबाजी क्लबात एक निवृत्त दंतवैद्य होते. सगळे त्यांना शुद्धलेखनकाका म्हणत, कारण ते कुणाला धड बोलू देत नसत. "गोळी भर" म्हटलं की लगेच, "गोळी म्हणजे फक्त पुढचं शिसं. दारू, पुंगळी, सगळं मिळून काडतूस!" बाबा त्यांना मुद्दाम डिवचायचे. बाबांच्या जुन्या माउझर पिस्तुलाची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, म्हणून घरात त्याचं नावच 'झाडू' पडलं होतं. काका वैतागायचे, "अरे, मॉडेलचं नाव घे, सी-शहाण्णव म्हण!"

बाबा गेले आणि रीतसर परवाना काढून मी पिस्तूल माझ्या नावावर केलं. त्यांच्या वाढदिवशी ते एकदा तरी चालवायचं ठरवलं. दुकानात जाऊन 'जुन्या माउझरच्या, तीस बोअरच्या गोळ्या' मागितल्या. दुकानदाराने दिल्या त्या पिस्तुलात बरोबर बसल्या.

त्या दिवशी क्लबात आई सोबत आली होती. मी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवणार, तेवढ्यात शेजारून काका ओरडले, "थांब! नळी समोर ठेव आणि हात काढ."

त्यांनी माझा काडतुसांचा खोका उचलून डोळ्यांजवळ धरला. "काय मागितलंस दुकानात?"

मी सांगितलं.

"तरीच! तीस बोअर दोन्हींना म्हणतात. अगं, ही टोकारेव्ह पिस्तुलाची काडतुसं. सात-बासष्ट मिलिमीटरची. तुझं पिस्तूल सात-त्रेसष्टचं."

"एवढ्याशा फरकाने काय होतंय, काका?"

"दिसायला जुळी भावंडं, बसतातही. पण यांचा दाब फार. हे म्हातारं पिस्तूल तो सोसेलच असं नाही. आतला अडसर तुटला, तर पोलादाचा तुकडा मागे उडून थेट तुझ्या तोंडावर."

 आईने मला दंडाला धरून मागे ओढलं.

काकांनी पिस्तूल रिकामं केलं, उघडून सगळं तपासलं. मग आपल्या कपाटातून एक छोटी डबी आणली. "ही खरी माउझरची. तुझ्या बाबासाठी घरी भरून ठेवली होती, कमी दारूची, हलकी. न्यायला आलाच नाही."

मी चालवली. पहिली गोळी निशाणाच्या कागदाच्या कोपऱ्याला लागली, दुसरी कुठे गेली देव जाणे. आई डोळे पुसत म्हणाली, "अगदी यांच्यावर गेलीय." काकाही हसले.

निघताना आईने हात जोडले. "भाऊजी, आज माझी पोर वाचवलीत. हे उपकार कसे फेडू?"

 काका खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचत राहिले. दोनच तर होत्या, पण बराच वेळ लावला.

आता दर रविवारी मी त्यांना जेवायला घेऊन येते. आई वाढते, ते मीठ कमी असल्याचं सांगतात, ती चिडते. बाबांची खुर्ची आम्ही त्यांनाच दिली आहे.