आठ मिनिटांचा भोपळा

धाकटीनं एअर फ्रायरचा जाळीचा डबा ओढून बाहेर काढला, एकदा खळखळून हलवला आणि पुढच्या रांगेतल्या बाईंच्या नाकाखाली धरला. भोपळ्याच्या फोडी कडांना तपकिरी झाल्या होत्या, मधे केशरी होत्या, आणि वर अशी चकाकी होती की बघणाऱ्याचा हात आपसूक पुढे यावा.

"घ्या ना, काडीनं टोचून बघा. तेल किती घातलं? चमचाभर. आणि वेळ किती लागला?"

"आठ मिनिटं!" मागून दोघातिघांनी उत्तर दिलं. पाटीवर तसं लिहिलेलंच होतं.

काडी लोण्यात जावी तशी आत गेली. बाईंनी फोड तोंडात टाकली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवरा मुकाट्यानं किमतीची चिठ्ठी वाचायला लागला. दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, पंखे आणि कपडे धुण्याची यंत्रं यांच्या मधल्या त्या टेबलाशी असं दिवसातून कितीतरी वेळा घडे. एअर फ्रायर खपवण्यात धाकटीचा हात धरणारं दुकानात कोणी नव्हतं.

आता खरं सांगायचं तर बटरनट भोपळा हे काही आठ मिनिटांत शिजणारं प्रकरण नाही. कच्चा घातला तर वीस-पंचवीस मिनिटं खातो, आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक उभं राहत नाही. पोरं कुरकुरतात, नवरे घड्याळं बघतात. म्हणून हे काम आधी करणाऱ्या मुलीनं धाकटीला पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता. घरून फोडी अर्ध्याकच्च्या उकडून आणायच्या, फडक्यावर कोरड्या करायच्या, तेल आणि चिमूटभर साखर चोळायची, डब्यात भरायच्या. सगळेच असं करतात, ती म्हणाली होती. धाकटीनंही केलं. समोरची माणसं अनोळखी, घेतली वस्तू की जिना उतरून जाणारी. त्यांची तिला कधी फारशी टोचणी लागली नाही.

मग जाऊबाईंनी ते यंत्र घेतलं.

थोरल्या दिरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी तळलेलं सगळं बंद केलं होतं. दीर म्हणजे तळणावर जीव असलेला माणूस. ते ताटावर असे बसायचे, जणू कोणी त्यांचं सर्वस्व लुटून नेलंय. एके दिवशी जाऊबाई दुकानात आल्या, गर्दीत उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं, एक फोड खाल्ली आणि थेट पैसे भरायच्या खिडकीशी गेल्या. दुसऱ्या कंपनीची यंत्रं बघा तरी, असं धाकटी म्हणाली, तर म्हणाल्या, "तू सांगतेस ना? मग झालं."

ह्या जाऊबाई कोण, तर ज्यांनी धाकटीच्या हातात पहिल्यांदा सुरी नीट धरवली त्या. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला अंडं उकडायचं तरी माहीत होतं की नाही, देव जाणे. जाऊबाईंनी मागे उभं राहून, मनगट धरून तिला सगळं शिकवलं, आणि सासूबाईंच्या कानावर त्यातलं एक अक्षर जाऊ दिलं नाही. नात्यातल्या माणसांत त्यांच्या हाताचं नाव होतं. पाहुणे त्यांच्याकडे जेवायचं म्हटलं की आदल्या वेळी कमी खाऊन येत.

आणि त्याच जाऊबाई महिन्याभरानं एका दुपारी पंख्यांच्या रांगेआड उभ्या होत्या, छातीशी स्टीलचा डबा धरून. गर्दी पांगेपर्यंत थांबल्या.

"कोणी बघत नाही ना?" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं. फोडी बाहेरून काळ्या आणि आतून दगड.

"काय चुकतंय माझं, सांग. यांना घड्याळ लावून बसायची सवय लागलीय. आठ मिनिटं झाली की टाळ्या वाजवतात आणि मग कच्चं खातात. जास्त वेळ ठेवावं तर मेलं करपतं."

पाटी धाकटीच्या खांद्यामागेच होती, आणि चार पावलांवर दुकानाचा मॅनेजर कोणाशी तरी हसत उभा होता.

"फोडी मोठ्या होत असतील, वहिनी."

"एवढ्याशा केल्यात. बघ की."

"मग डबा दाटून भरत असाल."

"एकाच थरात लावते. तू सांगितलं होतंस ना."

"आधी रिकामं यंत्र तापवून घेता?"

जाऊबाईंचा चेहरा एकदम उजळला. "ते नाही करत! बघ, मी म्हणत होतेच, काहीतरी राहतंय माझ्याकडून." त्यांनी डबा पिशवीत घातला, धाकटीच्या गालाला हात लावला आणि त्या जिना उतरून गेल्या. धाकटी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचं गिऱ्हाईक दोनदा हाक मारेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर तिनं जाऊबाईंचे फोन उचलायचं टाळलं. कामात होते, बसमध्ये होते, ऐकूच आलं नाही. शेवटी पुतणीचा फोन आला तो उचलावाच लागला.

"काकू, रविवारी माझ्या होणाऱ्या सासरची माणसं जेवायला येताहेत. पहिल्यांदाच. आणि आई म्हणते बाहेरून मागवू."

"का गं? बरं नाही का त्यांना?"

"बरी आहे. पण म्हणते, हात गेला माझा. त्या मशीनचं डोक्यात घेऊन बसलीय. साधं सूप केलं तरी चार वेळा विचारते, बरं झालंय ना. बाबा थट्टा करतात, त्यांना काही कळत नाही. काल रडली, काकू. भांडी घासता घासता. तू लवकर ये आणि तिला जरा धीर दे. तुझं ऐकते ती."

तुझं ऐकते ती, हे शब्द धाकटीला मुस्कटात मारल्यासारखे लागले.

रविवारी सकाळी बसमध्ये तिनं वाक्य पाठ केलं. वहिनी, मी ते घरून उकडून नेते. केवढं सोपं वाक्य, शाळकरी पोरगीही बोलेल. तिनं ते मनात इतक्यांदा म्हटलं की शेजारच्या बाई तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघायला लागल्या.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. दार उघडल्याचा आवाज ऐकून जाऊबाईंनी पातेल्यावर झटकन झाकण घातलं आणि त्या पातेल्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, चोरी पकडल्यासारख्या.

"तू होय! दार लाव आधी."

"काय झालं, वहिनी?"

जाऊबाईंनी झाकण बाजूला केलं. उकळत्या पाण्यात केशरी फोडी वरखाली होत होत्या.

"आधी उकडून घेते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मग मशीनमध्ये घातलं की अगदी तुझ्यासारखं होतं. परवा करून बघितलं. हे तर खूश झाले, मला म्हणाले, जमलं एकदाचं." त्यांनी पदराला हात पुसले, कोरडे असूनही. "पण ही लबाडी आहे गं. इतकी वर्षं कोणाला फसवून जेवायला घातलं नाही मी. आता म्हातारपणी हे करतेय. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर दडपून खोटं बोलले असते, पण तुझ्यासमोर नाही जमणार. तुझं काम कसं स्वच्छ, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

धाकटीनं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं.

"यांना सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली. मग तिनं फडकं पसरलं, फोडी निथळल्या, कोरड्या केल्या, तेल चोळलं. हात इतके सराईतपणे चालले की जाऊबाई कौतुकानं बघत राहिल्या, आणि धाकटीला वाटलं, ह्या क्षणी जमीन दुभंगली तर फार बरं होईल.

तेवढ्यात घंटी वाजली.

होणाऱ्या विहीणबाई ठसठशीत बोलणाऱ्या होत्या आणि खाण्याच्या शौकीन. त्यांचे यजमान सौम्य, मुलगा लाजाळू. टेबलाभोवती सगळी दाटीवाटीनं बसली. पहिली पंधरा मिनिटं हवापाण्यात आणि रस्त्यावरच्या गर्दीत गेली. मग विहीणबाईंनी भोपळ्याची फोड तोंडात घातली आणि त्या चक्क गप्प झाल्या.

"हे कसं केलंत हो?"

"मशीन!" दीर अभिमानानं म्हणाले. "आठ मिनिटांत."

"आमच्याकडेही आहे ना ते. दुकानात असंच करून दाखवलं म्हणून घेतलं." विहीणबाईंनी आणखी एक फोड घेतली. "पण आमच्या थोरल्या सुनेला काही म्हणता काही जमत नाही. बाहेर कोळसा, आत कच्चं. मी तिला रोज सांगते, अगं, दुकानातली पोरगी करते, तुला का येऊ नये? तर परवा घास टाकून उठून गेली."

त्यांचे यजमान ताटात बघत राहिले. पुतणीच्या हातातला चमचा थांबला होता. होणाऱ्या सासूबाईंकडे ती जरा वेगळ्या नजरेनं बघत होती.

"ही आमची धाकटी," जाऊबाई घाईघाईनं म्हणाल्या, "ती त्याच कामात आहे. माझं काही नाही, मी हिचं बघून शिकले. सांग गं त्यांना, कसं करायचं ते. सुनेला सांगतील बिचारीला."

सगळ्यांचे चेहरे धाकटीकडे वळले. दुकानात वळत तसेच, कौतुकानं आणि विश्वासानं. फक्त इथं गिऱ्हाईक म्हणावं असं कोणी नव्हतं.

"आधी पाणी उकळत ठेवायचं," धाकटी म्हणाली.

जाऊबाईंच्या हातातला वाढायचा डाव भोपळ्याच्या वाडग्याच्या कडेवर आपटला. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा मानेपासून कानांपर्यंत लाल झाला.

"पाणी?" दीर म्हणाले. "पाण्याचा काय संबंध?"

"फोडी अर्ध्या उकडून घ्यायच्या. मग कोरड्या करून मशीनमध्ये. मी रोज घरून उकडून नेते, दादा. दुकानात दाखवते ते आठ मिनिटांचं काम नाहीच. कच्च्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि आच कमी ठेवावी लागते." ती विहीणबाईंकडे वळली. "तुमच्या सुनेचं काही चुकत नाही, बाई. कोणाचंच चुकत नव्हतं. हे माझं सांगतेय मी, वहिनी. माझं."

दिरांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. विहीणबाई हातातल्या फोडीकडे बघत होत्या, ती खावी की ठेवावी हे ठरत नसल्यासारख्या.

"रोज?" जाऊबाईंनी विचारलं.

"रोज."

"मी डबा घेऊन आले होते, त्या दिवशीपण?"

धाकटीला मान वर करवेना. "हो."

जाऊबाईंनी वाडगा उचलला.

"घ्या ना, गार होतंय," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, आणि आवाज अगदी नेहमीचा होता, पाहुण्यांना वाढतानाचा भरघोस. विहीणबाईंना त्यांनी वाढलं, नको नको म्हणत असताना वाढलं. त्यांच्या यजमानांना वाढलं, मुलाला वाढलं, लेकीला आणि नवऱ्यालाही. टेबलाला वळसा घालून त्या धाकटीच्या खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या. धाकटीनं ताट थोडं पुढे सरकवलं.

जाऊबाईंनी वाडगा तिच्यासमोर ठेवला, डाव तिच्या बाजूला वळवला.

"तुझं तू वाढून घे," त्या म्हणाल्या.